बार्शीटाकळीवरून जाणारी गाडी



अकोल्याहून वाशीमच्या बाजूला निघालेली गाडी शिवणी-शिवापूर सोडते आणि थोड्याच वेळात बार्शीटाकळीला येते. अंतर कितीसे? वीसेक किलोमीटर. गाडी थांबते, चार माणसे चढतात, चार उतरतात आणि ती पुढे लोहगडकडे चालू लागते. पुढे पायनघाट संपतो, चढ लागतो आणि गाडी हळूहळू बालाघाटावर, म्हणजे वाशीमच्या पठारावर जाऊन पोहोचते. हे सारे आपण इतक्या वेळा पाहिलेले असते, की ही गाडी इथून का जाते, कोणी ठरवले, कशासाठी ठरवले, हे विचारावे असे मनात येत नाही. गावातला म्हातारा मात्र पारावर बसल्या बसल्या नेमका प्रश्न विचारतो, "गाडी आपल्या गावावरून जाते हे खरं हाय; पन आपल्यासाठी जाते काय?"

आजच्या भाषणाचा विषय हाच आहे. याचे उत्तर शोधायला जवळजवळ पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

१८५३ साल आपल्या दृष्टीने दोन कारणांनी महत्त्वाचे. त्या वर्षी १६ एप्रिलला मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली. आणि त्याच वर्षी मे महिन्यात निजामाने तह करून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. का दिले? तर हैदराबाद कंटिंजंट नावाची जी फौज निजामाच्या नावाने इंग्रज बाळगत होते, तिचा खर्च थकला होता. या फौजेची एक छावणी होती हिंगोलीला. हिंगोलीचे नाव ध्यानात ठेवा. आपली कथा फिरून तिथेच यायची आहे.

वऱ्हाड हाती आले, म्हणजे कापूस हाती आला. तोवर इथला कापूस वंजाऱ्यांच्या तांड्यांतून, बैलांच्या पाठीवर लादून, पार गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. वाटेत पावसाने भिजे, धुळीने माखे, आणि पोहोचेपर्यंत महिने उलटत. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि मँचेस्टरची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर खिळली. जी. आय. पी. कंपनीचा रूळ भुसावळहून पूर्वेकडे पूर्णेच्या खोऱ्यातून सरकू लागला आणि १८६७ साली नागपूरला पोहोचला.

गुरुजी, मुलांना इथे नकाशा दाखवा. हा रूळ अकोल्याला लागतो, मूर्तिजापूरला लागतो. पण अमरावतीला लागत नाही, खामगावला लागत नाही. त्या काळी वऱ्हाडातल्या कापसाच्या या दोन मोठ्या पेठा! तरी गाडी एकीला बडनेऱ्यावरून आणि दुसरीला जलंबवरून टाळून गेली. मुंबई आणि नागपूर ही दोन टोके सपाटीवरून, सरळ रेषेत, कमी खर्चात जोडायची, हा इंजिनिअरांचा हिशेब होता. कंपनीच्या भांडवलावर सरकारने पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती. तेव्हा वाटेतल्या गावाला वळसा घालून चार उतारू अधिक मिळवावेत, अशी निकड कंपनीला नव्हतीच. रूळ शहराच्या शेजारून गेला आणि शहर बंडी जोडून स्टेशनावर येऊ लागले.

पण व्यापारी गप्प बसणारे नव्हते, आणि सरकारलाही गाठी मुंबईला लवकर पोहोचायला हव्या होत्या. म्हणून सरकारी खर्चाने दोन फाटे बांधले. जलंबहून खामगाव, सुमारे आठ मैल, १८७० मध्ये. आणि बडनेऱ्याहून अमरावती, सुमारे सहा मैल, १८७१ मध्ये. रेल्वे शहरापर्यंत वाढवण्याची वऱ्हाडातली ही पहिली उदाहरणे. अमरावतीच्या माणसाने बडनेऱ्याला उतरून पुढची गाडी धरायची, ही रीत तेव्हापासूनची आहे.

खामगावच्या फाट्याचे उद्घाटन करायला खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो आले होते. गंमत अशी, की याच मेयोच्या सरकारने त्याच वर्षी एक असा निर्णय घेतला, की ज्याचा परिणाम बार्शीटाकळीच्या स्टेशनावर पुढे जवळजवळ अर्धे शतक दिसत होता. साडेपाच फूट रुंदीचे रूळ फार महाग पडतात, तेव्हा यापुढे सरकारी लोहमार्ग मीटरभर रुंदीचे बांधावेत, असे ठरले. स्वतः मेयो या निर्णयाची फळे पाहायला उरले नाहीत. १८७२ मध्ये अंदमानात त्यांचा खून झाला. पण मीटरगेज मात्र देशभर पसरले.

एका देशात दोन मापांचे रूळ म्हणजे काय, हे शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. एका गावची बंडी दुसऱ्या गावच्या चाकोरीत बसली नाही, तर काय होते? माल उतरवा, दुसऱ्या बंडीत भरा. खंडव्याला, मनमाडला वर्षानुवर्षे हेच चालले. एका बाजूला रुंद गाडी, दुसऱ्या बाजूला अरुंद गाडी, आणि मध्ये पाठीवर पोती-गाठी वाहणारे हमाल. आपल्या अकोला जिल्ह्याने तर तीनही मापे पाहिली. मुंबई-नागपूर मार्ग साडेपाच फुटांचा. अकोल्याहून दोन्हीकडे जाणारा मीटरचा. आणि मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे धावणारी, किलिक निक्सन कंपनीची ती अडीच फुटी शकुंतला. शकुंतला थांबली त्याला आता काही वर्षे झाली. तिची कथा स्वतंत्र भाषणाची आहे, इथे नको.

आता उत्तरेकडे पाहा. राजपुतान्यातून, माळव्यातून मीटरगेज खाली येत होते. इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले, आणि त्यातून खंडवा ते इंदूर हा मार्ग १८७० च्या दशकात झाला. दक्षिणेकडे निजामाच्या राज्यात मनमाड ते सिकंदराबाद हा गोदावरी खोऱ्याचा मार्गही मीटरगेजच. तो १९०० च्या सुमारास पुरा झाला. त्या मार्गावरच्या पूर्णेहून एक फाटा १९१२ मध्ये हिंगोलीपर्यंत आला. आणि थांबला.

का थांबला? कारण हिंगोलीच्या पुढे निजामाची हद्द संपत होती. वाशीमच्या अलीकडे एक स्टेशन लागते, कन्हेरगाव नाका. नावातच नाका आहे! अलीकडे हैदराबादचे राज्य, पलीकडे इंग्रजांचे वऱ्हाड. हिंगोलीचा कास्तकार आणि वाशीमचा कास्तकार एकच भाषा बोलतो, एकच ज्वारी खातो, सोयरीक करतो. पण रुळाला ही सोयरीक ठाऊक नव्हती. अकोल्याला जायचे तर हिंगोलीकराने वळसा घालून मनमाडवरून जावे, नाहीतर बंडीत बसून घाट उतरावा.

खंडवा ते हिंगोली ही सुमारे तीनशे किलोमीटरची फट तशीच राहिली. ती भरून निघायला राज्ये बदलावी लागली. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आले. ५ नोव्हेंबर १९५१ रोजी निजाम स्टेट रेल्वे आणि जी. आय. पी. या दोन्ही मध्य रेल्वेत विलीन झाल्या. कालपर्यंत परक्या असलेल्या दोन कंपन्या एका घरात आल्या. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि वऱ्हाड व मराठवाडा एकाच राज्यात आले. याच काळात खंडव्याहून सातपुडा उतरून अकोट, अकोला, बार्शीटाकळी, वाशीम करत हिंगोलीपर्यंतचा मार्ग बांधला गेला, आणि १९६० च्या सुमारास तो पुरा झाला. उत्तरेचे मीटरगेज आणि दक्षिणेचे मीटरगेज इथे एकमेकांना भेटले.

बांधणाऱ्यांचे कौतुक केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मेळघाटात धूळघाटच्या स्टेशनाजवळ चढ इतका, की सरळ रूळ टाकणे अशक्य. तेव्हा गाडीला डोंगराभोवती वेढा घालायला लावला. रूळ गोल फिरून आपल्याच रुळाला वरून ओलांडी. तिकडचे लोक त्या जागेला 'चारचा आकडा' म्हणत. ज्यांनी या गाडीतून प्रवास केला आहे, त्यांना खिडकीतून दिसणारे आपल्याच गाडीचे शेपूट आठवत असेल.

आता म्हाताऱ्याच्या प्रश्नाकडे वळू. हा मार्ग कोणासाठी बांधला? आराखडा करताना ज्यांनी नकाशावर बोट ठेवले, त्यांचे एक बोट अजमेरकडे होते आणि दुसरे सिकंदराबादकडे. राजस्थानातून दक्षिणेत माल व उतारू माप न बदलता जावेत, हा हेतू. जयपूर-काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस याच रुळावरून धावली. हेतू चांगलाच होता. देशाला त्याची गरज होती. पण बार्शीटाकळी ही त्या हेतूत वाटेवरची एक खूण होती, एवढेच. बार्शीटाकळीहून अकोल्याला रोज जाणाऱ्या पोराची वेळ त्या आराखड्यात कुठेही मांडलेली नव्हती. १८६७ मध्ये अमरावतीच्या बाबतीत जे झाले, तेच शंभर वर्षांनी जरा वेगळ्या रीतीने झाले. तेव्हा रूळ शहराला टाळून गेला. आता रूळ गावातून गेला, पण वेळापत्रक गावाला टाळून गेले.

आणि बार्शीटाकळी काही कालचे गाव नव्हे. इथल्या काळंका देवीच्या देवळात शके १०९८ चा शिलालेख आहे. आपण या देवळाला सर्रास हेमाडपंती म्हणतो. पण गुरुजी, हे मुलांना जरूर सांगा, की देवगिरीचा हेमाद्री पंडित तेराव्या शतकातला, म्हणजे हे देऊळ त्याच्याही आधीचे. एवढे जुने हे गाव आज तालुक्याचे ठिकाण आहे. अकोल्याला नळाचे पाणी मिळते ते याच तालुक्यातल्या महानच्या धरणातून, काटेपूर्णेचे. पाणी रोज अकोल्याला जाते आणि मागोमाग माणसेही जातात. कोणी कॉलेजला, कोणी सर्वोपचार रुग्णालयात, कोणी कचेरीत, कोणी बांधकामावर, कोणी भाजीची टोपली घेऊन. यांची गाडी कशी असावी?

सांगायला सोपी आहे. सकाळी दहाच्या आत अकोल्याला पोहोचवणारी, आणि संध्याकाळी सहानंतर अकोल्याहून सुटणारी. बस्स! दिवसातून दहा गाड्या गेल्या आणि या दोन नसल्या, तर त्या दहांचा रोज जाणाऱ्याला उपयोग नाही. दुपारी दोनला येणारी गाडी पाहुण्याला चालते, नोकरदाराला चालत नाही. आणि गाडी एक दिवस वेळेवर, एक दिवस तासभर उशिरा, असे होऊ लागले, की माणूस पास काढायचे सोडून देतो आणि एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभा राहतो. मग स्टेशनावरची तिकिटे कमी होतात, आणि तोच आकडा पुढे करून 'इथे उतारू नाहीत' असे सांगता येते.

पण रेल्वेची अडचणही ऐकून घेतली पाहिजे. एकपदरी मार्गावर एका वेळी एकच गाडी चालते. समोरून दुसरी आली, तर कोणाला तरी स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबावे लागते, आणि ते थांबणे बहुधा पॅसेंजरच्याच वाट्याला येते. लांबची एक्सप्रेस उशिरा आली, की तिचा उशीर पॅसेंजरच्या डोक्यावर बसतो. दुसरे असे, की एक गाडी सकाळी शहरात आणून सोडली आणि संध्याकाळपर्यंत उभी ठेवली, तर डबे आणि फलाट दोन्ही अडकून पडतात. म्हणून हिशेबी माणूस काय करील? ती गाडी शहरात न थांबवता पुढे दुसऱ्या बाजूच्या गावापर्यंत नेईल आणि दिवसभरात परत आणील. घाणीचा बैल जसा उभा राहिला की तोट्याचा, तशी गाडीही.

नेमकी हीच संधी अकोल्याला होती, आणि एका अर्थी ती हुकली. १९९२ पासून सगळे रूळ एका मापाचे करण्याची मोहीम निघाली. आधी मनमाडच्या बाजूने मराठवाड्यातला मार्ग रुंद झाला. मग अकोला ते पूर्णा हा सुमारे दोनशे दहा किलोमीटरचा मार्ग २००८ मध्ये रुंद झाला. बार्शीटाकळीला रुंद गाडी आली! पण अकोल्याच्या उत्तरेला अकोट, धूळघाट, खंडवा हा भाग मीटरगेजच राहिला. म्हणजे एकेकाळी दक्षिणोत्तर जोडण्यासाठी बांधलेला मार्ग अकोल्यातच पुन्हा तुटला. खंडव्याला आणि मनमाडला पूर्वी जे होत असे, ते आता आपल्या दारात होऊ लागले. वाशीमचा माणूस अकोल्याला उतरून, फलाट बदलून अकोटची गाडी धरू लागला. २०१७ च्या सुरुवातीला तीही बंद झाली, कारण आता तो भाग रुंद करायचा होता.

अकोटकरांनी सुमारे सहा वर्षे गाडीविना काढली. त्या काळात त्या रस्त्यावरून ज्यांनी प्रवास केला, त्यांना ते पुन्हा सांगायला नको. अखेर २०२२ च्या नोव्हेंबरात अकोला-अकोट रुंद मार्गावर प्रवासी गाडी सुरू झाली. अंतर चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. तेव्हापासून अकोल्याच्या एका अंगाला अकोट आणि दुसऱ्या अंगाला बार्शीटाकळी-वाशीम, दोन्ही एकाच मापाच्या रुळावर आहेत. एका बाजूची गाडी शहर ओलांडून दुसऱ्या बाजूला न्यायला आता मापाची आडकाठी राहिली नाही. आडकाठी आहे ती डब्यांची, चालकांच्या कामाच्या तासांची आणि वेळापत्रकाची. या गोष्टी डोंगर फोडण्याइतक्या अवघड नाहीत, असे माझे मत आहे.

अकोटच्या पुढचा प्रश्न मात्र खरोखरच अवघड आहे. जुना रूळ मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जात होता. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट आहे; रूळ त्याच्याही आधीचा. मीटरगेजवरची गाडी हळू जाई, गाड्या थोड्या. रुंद मार्गावर गाड्या वाढणार, वेग वाढणार, आणि वाघाची वाट दुभंगणार, असे वनप्रेमींचे म्हणणे. दुसरी सूचना अशी, की हिवरखेडहून रूळ पश्चिमेला वळवून सोनाळा, जामोद या बाजूने जंगलाच्या बाहेरून न्यावा. अंतर वाढेल, पण सातपुड्याच्या पायथ्याच्या ज्या गावांनी आजवर रूळ पाहिला नाही, त्यांना स्टेशन मिळेल. २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना याच अर्थाचे पत्र लिहिले होते. मला स्वतःला ही दुसरी सूचना पटते. जुन्या रुळाला टोकांची घाई होती. नव्या रुळाला गावे आणि वाघ दोन्ही विचारात घ्यायला सवड आहे. पण जंगलातल्या आदिवासी गावांचे काय? धूळघाट, वान रोड या स्टेशनांवर अवलंबून असलेल्या माणसांची गाडी गेली ती गेलीच. वळसा घालताना त्यांच्यासाठी मोटारीची सोय कोणती, हे कागदावर आधी आले पाहिजे.

गुरुजींसाठी एक काम सुचवतो. आपल्या गावातून रोज बाहेर जाणाऱ्यांची एक यादी सातवी-आठवीच्या मुलांकडून करून घ्या. नाव नको, फक्त इतके, की कुठे जातो, किती वाजता पोहोचावे लागते, परत किती वाजता निघता येते, कशाने जातो आणि महिन्याला खर्च किती येतो. एक आठवड्याचे काम आहे. गणिताचा तास आणि भूगोलाचा तास, दोन्ही त्यात येतात. 'आमच्या गावाला गाडी हवी' असा अर्ज कचेरीत शंभरांनी येतो. पण 'सकाळी दहाच्या आत अकोल्याला पोहोचणारे इतके लोक, संध्याकाळी सहानंतर परतणारे इतके' असा तक्ता क्वचितच येतो, आणि जो येतो तो वाचावा लागतो.

आणि तो पाठवायचा कुठे, यातही गोम आहे. अकोल्याचा मुंबई-नागपूर मार्ग मध्य रेल्वेच्या भुसावळ विभागात. पण बार्शीटाकळीवरून जाणारा मार्ग १९६६ मध्ये निघालेल्या दक्षिण मध्य रेल्वेचा, नांदेड विभागाचा. अकोला स्टेशनात समोर भुसावळची गाडी दिसते म्हणून तिकडे कागद पाठवला, तर तो फिरत राहतो. बार्शीटाकळीचा कागद नांदेडला जातो, एक प्रत सिकंदराबादला, आणि एक अकोल्याच्या खासदारांकडे. तक्त्याखाली ग्रामपंचायतीचा नाहीतर नगरपंचायतीचा ठराव जोडावा, कॉलेजच्या प्राचार्यांची आणि बाजार समितीची सही घ्यावी, आणि नव्या वेळापत्रकाची जुळवाजुळव होण्याच्या चार-सहा महिने आधी तो पोहोचेल असे पाहावे. वेळापत्रक छापून झाल्यावर आलेला कागद पुढच्या सालाच्या गठ्ठ्यात जातो.